कुसळाचं भात

"हे काय गो आणलंस? गवत?"

सुलभावैनींनी माझ्या हातातली लोंबी ओढून घेतली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली. माणसं हसली. वैनींच्या शेतावर त्या दिवशी नव्या बियाण्याचा कार्यक्रम होता. मांडव, माइक, खुर्च्या. घरचं भात दाखवायला आणा म्हणून दवंडीच दिली होती, म्हणून मी नेलं. तांबडं, लांब कुसळांचं. खुर्चीवरचे साहेबही हसले. "असल्या गावठी वाणात अडकून पडू नका," म्हणाले. मग वैनींना शाल दिली.

मी खाली सतरंजीवर. जळत बसलेली.

वैनी आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. वय एक. तरी त्या मला तू, मी त्यांना तुमी. त्यांचं शेत नदीकाठी, आमचं सिद्धगडाच्या पायथ्याला, माळावर. त्यांचं भात एका उंचीचं, एका रंगाचं. मला तसंच हवं होतं. खोटं कशाला बोलू? धसईच्या बाजाराला जाताना मी मुद्दाम त्यांच्या बांधावरून जायचे आणि जीव जाळून घेऊन घरी यायचे. शेवटी मीही तेच बियाणं आणलं, अर्ध्या शेतात लावलं. रानडुकरांनी ते अर्धं तेवढं लोळवलं. कुसळाच्या भाताला डुक्कर तोंड लावत नाही, टोचतं. मी पुन्हा तांबड्यावर आले. आवडीनं नाही, हरून आले.

यंदा पेरणीआधी वैनी स्वतः आमच्या अंगणात आल्या. सोबत नवी बियाणी तयार करणारे एक तरुण साहेब. पावसानं दडी मारली तरी माळावरचं हे भात तगतं, हे त्यांना वैनींनीच सांगितलेलं. माझ्या गवताबद्दल!

"यातलं जनुक काढून नव्या वाणात बसवता येईल," साहेब म्हणाले. मग वैनींकडे वळून, "वाणाबरोबर तुमचं नाव येईल, मॅडम."

पुन्हा त्यांचंच. भात माझं, नाव त्यांचं. माझ्या अंगाचा भडका उडाला.

"आण गो पिशवीभर," वैनी म्हणाल्या.

आमच्यात बियाण्याला नाही म्हणत नाहीत. वैऱ्यालाही नाही. मागणारा रिकामं सूप घेऊन येतो. कापणी झाली की तेच सूप भरून परत आणतो, वर एक ओंजळ. मी कणगीपाशी गेलेही. वळून पाहिलं तर वैनींच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी.

मी साहेबांना विचारलं, "परत कवा आणाल?"

"परत? नवं बियाणं दुकानात येईल ना, मावशी. तिथून घ्या."

वैनींना रीत ठाऊक होती. तरी म्हणाल्या, "नाटकं नको गो. दे लवकर."

"सूप कुठं हाय, सुलभा?" मी म्हणाले. "तू सूप घेऊन ये. मंग देईन. पिशवीत नाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नुसतं नाव. पहिल्यांदा तू. तिनं पिशवी मुठीत चुरगळली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दोघं गेली.

माझी जळफळ गेलेली नाही. तिच्या शेताकडे पाहिलं की आजही जीव जळतो. जळू दे. पण माझी कणगी उघडेल ती रिकामं सूप घेऊन आलेल्यासाठीच. आणि सुलभाला आता मी मेले तरी तुमी म्हणणार नाही.