ताडपत्रीखालच्या दोघी

निडी स्टेशनवर उतरून शेतांच्या बाजूला चालत गेलं की वीस-पंचवीस घरांची एक आळी लागते. तिथं सरू राहते. पन्नाशीला टेकलेली, बारीक अंगाची, आणि सगळ्या आळीला ठाऊक असलेली भित्री बाई. कुत्रं दिसलं की ती रस्ता बदलते. गॅसचा खटका बंद आहे की नाही हे झोपायच्या आधी तीनदा बघते. मुलगा जितेश डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याची शिफ्ट सुटून तो घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही. नवरा गोविंदा तिला हसायचा. "तुला सावलीनं पन दचकायला व्हतं," म्हणायचा.

अशा बाईच्या घरी परके लोक राहायला येऊ लागले ते सुनेमुळे. प्रणिता शिकलेली, मोबाइलवर सराईत. जग बघत हिंडणारी, पण हॉटेलं न परवडणारी पोरं हल्ली पेणला गणपतीचे कारखाने बघायला येतात हे तिच्या लक्षात आलं. तिनं मागच्या दोन खोल्या सारवून घेतल्या, फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले: राहायला स्वच्छ खोली, घरचं जेवण, थंडीत शेतावर पोपटी. वालाच्या ओल्या शेंगा, अंडी आणि बटाटे मडक्यात भरून ते मडकं जाळात भाजलं की झाली पोपटी. आमच्याकडच्या माणसाला ती सांगावी लागत नाही. पण बाहेरच्या माणसाला वाटतं, यासाठी तरी यावं.

सरू मात्र प्रत्येक पाहुण्याला घाबरायची. "परक्याचं लेकरू. आपल्या हातचं खाऊन पोट दुखलं तर?" ती रोज म्हणायची, आणि रोज रांधायची.

गेल्या माघी गणपतीच्या आधी एक पोरगी आली. इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. नाव रत्ना. "आमच्यातलंच नाव की गो!" सरू म्हणाली, आणि तिथंच तिची निम्मी भीती गेली. रत्ना मुसलमान, डोक्याला घट्ट रुमाल बांधायची, चटई पसरून नमाज पढायची. शाळेत शिकवून साठवलेल्या पैशांवर ती सहा महिने फिरायला निघाली होती. जिथं सण असेल तिथं जायचं, मिळेल त्या बसनं नि गाडीनं, रस्त्यावरचं स्वस्त खायचं. पेणला तिनं दोन दिवस कच्च्या मातीचे गणपती घडताना पाहिले. आल्या दिवसापासून ती सरूला 'इबू' म्हणू लागली.

"इबू म्हंजे काय गो?" सरूनं सुनेला विचारलं.

"आई म्हणते ती तुम्हाला."

 त्या दिवशी सरूच्या हातून भाकरीवर तूप जरा जास्तच पडलं.

रत्नाला संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला आणि तिथून पुढे माघी गणपतीच्या उत्सवाला जायचं होतं, म्हणून पोपटी दुपारीच लावायची ठरली. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतात वाल उभा होता. गोविंदानं मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरला, शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ घातलं, तोंडाला पाला कोंबला आणि मडकं उपडं करून पेंढ्यानं झाकून जाळ लावला. सरूनं दोन हंडे पाणी आणि एक भिजवलेलं पोतं आणून ठेवलं होतं, जाळ पसरला तर म्हणून. जेवायला बसण्यासाठी बांधाजवळ निळी ताडपत्री अंथरली. ताटं विसरली म्हणून प्रणिता घराकडे गेली.

शेताच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर, सावरीचं उंच झाड आहे. त्याच्या फांदीला आग्या माश्यांचं मोहोळ लटकलेलं असतं, सुपाएवढं, काळंभोर. दर थंडीत येतं, पावसाआधी जातं. कुणाला कधी त्रास नव्हता. शिवाय जाळ चांगला लांब होता.

का उठल्या त्या माश्या, कुणाला आजवर कळलेलं नाही. कुणी म्हणतं, वारा फिरला आणि धूर तिकडं गेला. कुणी म्हणतं, पक्ष्यानं मोहोळावर झडप घातली. सरू सांगते ते एवढंच, की आधी आवाज आला. भरलेला ट्रक चढण चढताना घुमतो तसा. तिनं मान वर केली तर सावरीची ती फांदी एकाएकी उघडी पडली होती, आणि काळा लोट शेतावरून येत होता.

"माश्या! पळा!" गोविंदा ओरडला.

सरू पळाली. हे ती लपवत नाही. पदर डोक्यावर ओढून ती बांध ओलांडून गेली. मागे कोण आहे, कोण राहिलं, काही आठवलं नाही. मानेत दोन निखारे टोचल्यासारखे वाटले, एक कानावर. आणि मग मागून आवाज आला.

"इबू! इबू!"

रत्ना जिथल्या तिथं गोल फिरत हात झाडत होती. हात झाडले की माश्या आणखी चवताळतात, हे तिला कोण सांगणार? तिचे हात, पाठ, रुमाल, सगळं काळं झालेलं. ती अडखळून खाली पडली.

"पाय कसे वळले मला ठाव नाय," सरू सांगते. "मला जायाचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

ती परत गेली. ताडपत्री एका टोकानं उपसली, पोरीच्या अंगावर टाकली आणि स्वतः आत शिरून कडा गुडघ्यांखाली दाबल्या. त्यांच्याबरोबर पाच-दहा माश्या आत आल्याच. त्या रत्नाच्या गालावर, पापणीवर बसल्या. सरूनं त्या तळव्यानं चिरडल्या. प्रत्येक माशी मरताना तिचा तळवा चावून गेली.

आत सगळं निळं दिसत होतं. दमट, गरम. वरून ताडपत्रीवर धान्य ओतावं तशा माश्या आपटत होत्या. रत्ना तिच्या कुशीत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत होती. मधेच नमाजातले शब्द, मधेच एकच शब्द पुन्हा पुन्हा, "ताकुत, ताकुत." सरूला वाटलं, पोर ताक मागते आहे. "देते गो, घरी गेल्याव देते," ती म्हणत राहिली. दोघींचे दात वाजत होते.

मग सरूला धुराचा वास आला. पोपटीचा जाळ! सगळे पळाले, जाळ तसाच. वालाच्या मधून वाळलेलं धसकट, आणि आपण प्लास्टिकखाली. बाहेर गेलं तर माश्या, आत राहिलं तर आग. तिनं कड बोटभर उचलून पाहिली. पिवळा धूर जमिनीलगत सरकत येत होता. तिला वाटलं, इथंच संपलं. जितेश शिफ्टवर आहे, त्याला कोण सांगणार, असं मनात येऊन गेलं.

पण तो धूर गोविंदानं केला होता. तो ओढ्याच्या डबक्यात बसून राहिला होता, नाकापर्यंत. बायको दिसेना, तेव्हा सरूनंच आणलेलं ओलं पोतं डोक्यावर घेऊन तो परत आला आणि उरलेला भांबुर्ड्याचा ओला पाला सगळा जाळावर लोटला. दाट, कडवट धूर पसरला. माश्या विरळ होऊ लागल्या.

"सरू! हायस का?" तो ओरडला.

"हाय! पोर बी हाय!"

"ताडपत्री सोडू नको. अशाच सरकत रस्त्यावर या!"

रत्नाला उठवायला म्हणून सरूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हाताखाली पाठ धपापताना जाणवली. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठ सुजून उलटे झाले होते. डोळे मिटलेले. पोर श्वास घेत होती, पण आत काही जात नव्हतं.

त्यानंतरचं सरूला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तिनं रत्नाला काखेत धरून ओढलं, रांगत, वर ताडपत्री, गुडघे सोलवटत. ओरडा ऐकून प्रणितानं घरून शेजारच्या अक्षयला उठवलं होतं. तिला घेऊन त्याचा छोटा टेम्पो बैलगाडीच्या वाटेनं आत आला. काचा बंद करून तिघींना पुढं कोंबलं आणि गोविंदा मागं पोतं पांघरून पडला. निडीचं फाटक नेमकं बंद. मालगाडी चालली होती, डब्यामागून डबा, संपेचना. अक्षय हॉर्न वाजवत होता, गाडीला काय त्याचं! सरू रत्नाच्या तोंडाला कान लावून ऐकत होती. शिट्टी येते का? येते. आता? येते. एकदा आली नाही. सरूनं तिला गदागदा हलवलं, तेव्हा पुन्हा आली.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रत्नाला बघताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं आणि आत नेलं. गोविंदा चक्कर येऊन दारातच बसला, त्याला दुसऱ्या खाटेवर घेतलं. प्रणिता त्याच्याजवळ गेली. सरू बाकावर एकटी राहिली, रत्नाचा मोबाइल मुठीत. तो तिनं कधी उचलला हे तिला आठवत नव्हतं.

आणि तो वाजला.

पडद्यावर एका बाईचा फोटो होता. डोक्याला तसाच रुमाल, तसंच नाक. कुणी सांगायची गरज नव्हती.  काय बोलायचं? कुठल्या भाषेत? पोर आत जिवंत आहे की नाही हेही तिला माहीत नव्हतं. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. सरू उठून तडक आत गेली. नर्स "बाई, थांबा" म्हणेपर्यंत ती खाटेपाशी पोहोचली होती.

नळी लावलेली, चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, पण छाती वरखाली होत होती. शिट्टी नव्हती.

"वाचली का हो?" सरूनं विचारलं.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता धोका टळत चाललाय. तुम्ही बसा आधी. तुमचा चेहरा बघितलात का?"

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सरूनं तो व्हिडिओ कॉल घेतला. पलीकडची बाई तिचा सुजलेला चेहरा पाहून किंचाळलीच. सरूनं फोन रत्नाकडे वळवला, तिच्या छातीवर आपला हात ठेवला, आणि हात वरखाली होतो आहे ते दाखवत राहिली. "बघा," ती म्हणत होती, "श्वास हाय. बघा. तुमची पोर हाय." पलीकडची बाई रडत होती, बोलत होती. त्यातला एकच शब्द सरूनं ओळखला, कारण तो तिनं दुपारभर ऐकला होता.

"ताकुत म्हंजे काय?" तिनं रात्री सुनेला विचारलं. प्रणितानं मोबाइलवर शोधून सांगितलं, "भीती वाटते."

 सरू म्हणाली, "आणि मी ताक देते म्हनत व्हते."

रत्ना चौथ्या दिवशी घरी आली आणि आठवडाभर सरूकडेच राहिली. माघी गणपती हुकले. पोपटीचं मडकं दुसऱ्या दिवशी सापडलं, आत नुसता कोळसा. निघताना निडीच्या फलाटावर एक साधी घरमाशी रत्नाच्या बाहीवर बसली तर तिनं सरूचा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. पुढचा प्रवास मात्र तिनं केला. कुठल्या कुठल्या गावांचे फोटो अजून येतात. गोविंदाच्या एका कानात तेव्हापासून घूं घूं आवाज येतो. तो आता सरूला हसत नाही.

गावात सरूचा सत्कार करायचं चाललं होतं. शाल, नारळ. ती चिडली. "मी पळाले व्हते. आधी पळालेच व्हते. ते कोन सांगनार?" कार्यक्रम झाला नाही.

यंदाच्या थंडीत मोहोळ सावरीवर परत आलं. पाहुणेही आले, नेपाळकडचे दोघे. पोपटी आता अंगणातच लागते, घराचं दार उघडं ठेवून. सगळे जाळाभोवती बसतात, गप्पा मारतात, शेंगा सोलतात. सरू उंबऱ्यावर बसते आणि आभाळाकडे बघत राहते. कुणी बोलावलं तर म्हणते, "तुमी खावा. मी हाय हितं."

तिच्या मांडीवर घडी घातलेली जुनी चादर असते.