चुन्याची डबी

माझा बाप चपलेनं मारत नसे. चप्पल हलक्या हाताच्या लोकांची, असं त्याचं म्हणणं. तो बैलाच्या कासऱ्यानं मारायचा, आणि त्याआधी कासरा हौदात भिजवून घ्यायचा. ओला दोर पाठीवर बसला की आधी आवाज येतो, मग आग. मी एकुलती एक, त्यामुळे वाटणी घ्यायलाही कुणी नव्हतं. डावा गुडघा मोडका असूनही तो अंगणभर माझ्यामागे लंगडत यायचा आणि माय स्वयंपाकघराच्या दारात, हात पदराखाली घेऊन उभी असायची. एकदाही मधे पडली नाही.

हे सगळं मी पन्नाशीत लिहून काढलं आणि उस्मानपुऱ्यात आपांकडं घेऊन गेले. आपा म्हणजे शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाई. निवृत्तीनंतर लिहिणाऱ्यांचे कान पिळायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्यांची रीत अशी, की आपण वाचायचं आणि त्यांनी पलंगावर पानदान उघडून आपली माणसं मांडायची. बाप झाला अडकित्ता, मी सुपारी, माय चुन्याची डबी. मी वाचत गेले तसा अडकित्ता सुपारीवर पडत गेला. निजामाच्या रझाकारांनी गुडघा फोडला तरी न वाकलेला माझा बाप, मुक्तिदिनाला सकाळी गळ्यात हार आणि संध्याकाळी हातात कासरा, असा मी झोकात शेवट केला होता.

"अडकित्ता जिवंत हाय, बेटा," आपा म्हणाल्या. "पण ही डबी? पहिल्या पानावर ठेवली, तिथंच हाय. बाई हाय का खांब?"

"ती तशीच होती," मी फणकारले.

"मारणाऱ्याचे हात लिहिलेस. पदराखालचे कुठं लिहिलेस? जा, विचारून ये. तोवर कागद इकडं आणू नको."

म्हातारीचा असा संताप आला! तशीच तणतणत मुकुंदवाडीला मायकडं गेले. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. माय भिंतीला टेकून लसूण सोलत होती. आयुष्यात न विचारलेलं मी उभ्याउभ्याच विचारलं, "तो मला सोलून काढायचा, तेव्हा तू का नाय धरलंस त्याला?"

"धरलं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्या आधी."

कालवण आळणी झालं म्हणून बापानं तिचे केस धरून डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं. पुन्हा आपटलं. तेवढ्यात तिच्या हाताला वरवंटा लागला. "गुडघ्यावर घातला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मग आनिक येकदा घातला."

गावात रझाकार नुकतेच धुडगूस घालून गेले होते. त्या दिवसांत लंगडणाऱ्याला कुणी कारण विचारत नव्हतं. बायकोनं मोडला म्हणण्यापेक्षा रझाकारांनी मोडला म्हणणं बापाला बरं वाटलं. लवकरच पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि त्याच्या गळ्यात पहिला हार पडला.

मी खदाखदा हसले. मला माझ्या मायचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. "मग पुन्हा हात उचलला का त्यानं?"

"माझ्यावर? नाय. मरंपर्यंत नाय."

माझं हसू तिथंच थांबलं.

"पुढल्या साली तू झालीस," ती सोललेल्या पाकळ्यांकडं बघत म्हणाली. "तू पळायला लागलीस आन् त्यांनी कासरा भिजवला. मी दारातून बघायची. मधे पडलं तर माझ्यावर फिरंल, हे मला ठावं व्हतं. माझ्या वाटचं तू खाल्लंस."

माझा हात वर गेला. अगदी बापाचा जायचा तसा, खांद्यातून. माझ्याच मायवर, पंचाहत्तरीच्या म्हातारीवर. तिनं तोंड फिरवलं नाही की हात आडवा घातला नाही.

"मार," ती म्हणाली. "ह्यो तर माझाच हाय."

मी हात खाली घेतला आणि तिच्यासमोर बसून रडले.

पुढच्या खेपेला आपांना हे वाचून दाखवलं. त्यांनी चुन्याची डबी उचलली, पण ती कुठं ठेवावी हे त्यांना उमगेना. माझं वाचून संपलं तरी ती त्यांच्या हातातच होती.