बारापैकी बारा

भोसरीत आमच्या भाड्याच्या आठ खोल्या आहेत, आणि सगळ्यांत मिळून दोन संडास. गरोदर बायकांना एड्सबद्दल काय माहीत आहे ते विचारायला दवाखान्याची ताई आली, तेव्हा आमच्या ओट्यावर चार भाडेकरणी बसल्या. माझं अक्षर बरं, म्हणून कागदावर खुणा मी करत होते.

प्रश्न बारा. एका ताटात जेवल्याने होतो का? एक संडास वापरल्याने होतो का? तिघी ओढणी तोंडाला लावून "काय की बाई" म्हणत राहिल्या. त्यांची तीन, चार, चार उत्तरं बरोबर आली. चौथी परभणीकडची, सातवा महिना, पहिलटकरीण. प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार. "आईला असला तरी वेळेवर गोळ्या घेतल्या तर बाळाला सहसा होत नाही." बारापैकी बारा.

ताई गेल्यावर एकीने विचारलं, "तुला गं बरं सगळं पाठ! नवरा आधी ट्रकवर होता का?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. "शाळेत शिकवलंय की."

दुसऱ्या दिवसापासून सात खोल्यांची रांग एका संडासापुढे. दुसरा मोकळा, तिच्यासाठी.

तिचं माहेर लांब, म्हणून रविवारी डोहाळजेवण मी ठरवलं होतं. वीस जणींचा स्वयंपाक केला. आली फक्त माझी जाऊ. हिरव्या साडीतली ती उठली आणि खोलीतून एड्सच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन आली. "काकू, हा त्यांना दाखवा. मला काही नाही हो."

बाराही उत्तरं मला माहीत होती. तरी मी चष्मा लावला, रिपोर्ट दोन्ही बाजूंनी वाचला आणि मग तिची ओटी भरली. हा क्रम मी विसरू शकत नाही.

रिपोर्ट दारोदार दाखवला. "काही नसतं तर कागद एवढा जपून कशाला ठेवला असता?" असं मलाच ऐकवलं गेलं.

महिनाअखेरीस तिने आणि नवऱ्याने कुरुळी गावात खोली घेतली. टेम्पोत बसताना ती म्हणाली, "इथं माझं बाळ कुणी उचलून घेणार नाही, काकू." मी "असं काही नसतं गं" म्हणाले नाही. खोटं झालं असतं.

यंदा ताई पुन्हा आली. या खेपेला दोघी गरोदर, त्यातली एक नर्सिंग शिकलेली. बाराही प्रश्नांना दोघींचं एकच उत्तर, माहीत नाही. मी चोवीस खुणा केल्या.

"तुमच्याकडे जागृती फारच कमी आहे हो," ताई म्हणाली.

मी कागद तिच्या हातात दिला.