फिरत्या खुर्चीत आई

रविवारी लखनऊच्या सरोजिनी नगरमधल्या एका शाळेत मी माझ्याच लेकीवर जळले... लिहू की नको, असा विचार करत होते. लिहितेच.

रेवा नववीत आहे. जन्मापासून लखनऊची, त्यामुळे मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते. हल्ली इथे दर दुसऱ्या मुलाला अंतराळवीर व्हायचंय, पण हिचं वेड जरा टिकाऊ आहे. त्या शाळेत मुलांसाठी एक दिवसाचं अंतराळ शिबिर आहे हे कळल्यापासून तिने माझं डोकं खाल्लं होतं.

आम्ही अलीगंजला राहतो, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा टूरवर, म्हणून दोघी स्कूटरवरून गेलो. पालकांना मागच्या बाकांवर बसायची परवानगी होती.

शिबिर घेणारे डॉक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले. गणित हवं, विज्ञान हवं, पोहता यायला हवं, आणि चार माणसांबरोबर महिनोन्महिने एका डब्यात न भांडता राहता यायला हवं, असं ते हसत हसत सांगत होते. तेवढ्यात रेवाने हात वर केला. "सर, चश्मा हो तो?"

माझा हात माझ्याच चष्म्याकडे गेला.

"तो साफ़ करके पहनिए," डॉक्टर म्हणाले. मुलं हसली. मग त्यांनी नीट समजावलं... लढाऊ विमान चालवायचं तर नियम कडक असतात, पण आता शास्त्रज्ञ, इंजिनिअर, डॉक्टरही वर जातात. चष्मा लावून नीट दिसत असेल तर बऱ्याच ठिकाणी अडत नाही.

रेवाने मान डोलावली आणि पुढचं लिहून घ्यायला लागली. तिच्यापुरता विषय संपला.

मी कराडची. सहावीत असताना मलाही हेच व्हायचं होतं. बाबांनी आणलेल्या पृथ्वीच्या गोलाकडे मी वरून बघायची... इथून कराड केवढं दिसेल, आमची शाळा दिसेल का. त्याच वर्षी चष्मा लागला आणि काका म्हणाले, "आता कोण नेतंय तुला वर, चष्मिस?" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हाचे नियम वेगळे असतीलही. कदाचित उत्तर 'नाही' असंच आलं असतं. पण रेवाच्या नाकावर जवळजवळ माझ्याच नंबरचा चष्मा आहे, माझ्याकडूनच आलेला. तिने हात वर केला आणि तिला उत्तर मिळालं... मला तिचा हेवा वाटला. अभिमान वाटला असता तर किती बरं झालं असतं.

नंतर फिरती खुर्ची आली. डोळ्यांवर पट्टी बांधून बसवायचं, गरागरा फिरवायचं आणि उतरल्यावर जमिनीवरच्या रेषेवरून चालायला लावायचं. अंतराळात सुरुवातीला असंच गरगरतं म्हणे. रेवा उतरली, दोन पावलं वाकडी टाकली आणि सगळ्यांसमोर तिला उलटी झाली.

मी धावले, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. पण धावायच्या आधी, अगदी क्षणभर, आत कुठेतरी बरं वाटलं होतं... ते मला स्वतःपासून लपवता आलं नाही.

वातावरण हलकं करायला डॉक्टरांनी विचारलं, "मम्मी-पापा में से कोई?" कुणी उठेना. मी का उठले ते मलाही माहीत नाही. "तशरीफ़ रखिए," असं म्हणत त्यांनी ती खुर्ची अशा अदबीने पुढे केली, जणू आता चहा येणार आहे.

खुर्ची फिरली. पट्टीआडचा अंधार, कानाजवळून जाणारा वारा... मला ते फार आवडलं. उतरले आणि रेषेवरून सरळ चालत गेले.

"मैडम, बचपन में क्या करती थीं आप?"

"फुगडी," मी म्हणाले, आणि मग दोन मुली हात गुंफून कशा गोल फिरतात ते हिंदीत सांगितलं. आम्ही मधल्या सुट्टीत रोज खेळायचो.

"वही तो. आदत पड़ जाती है शरीर को. मैडम तो सेलेक्ट हो गईं." टाळ्या पडल्या.

मी रेवाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, पण चेहरा... तो चेहरा मी ओळखला. सकाळी मागच्या बाकावर माझा तोच झाला असणार.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. अर्ध्या वाटेत माझ्या पाठीशी पुटपुटली, "छोड़ो यार, आई. मुझसे नहीं होगा."

एवढंच. मी आता 'बरं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं... कराडलाही एका वाक्यातच संपलं होतं सगळं. लाज वाटते सांगायला, पण 'बरं' अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

घरी पोचल्यावर तिला थेट गच्चीत नेलं. "चप्पल काढ. पावलं माझ्या पावलांना लाव. हात असे, उलटे. आता मागे रेल."

"गिर जाऊँगी."

"मी धरलंय ना."

पहिल्यांदा चार गिरक्यांत तिने भिंत धरली. "आई, आप चीटिंग कर रही हो, धीरे घूमो ना." दुसऱ्यांदा थोडी जास्त टिकली. आता रोज ऑफिसातून आले की आम्ही फिरतो. खालच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटी कपडे काढायला येतात आणि "पागल हो दोनों" म्हणत तिथेच बघत उभ्या राहतात.

काल रेवा इतकी जोरात फिरली की 'थांब' मला म्हणावं लागलं. ती खो-खो हसली. "बस, थक गईं?" आणि तिने मला घट्ट धरून हळूहळू थांबवलं.

अजूनही जळते मी तिच्यावर, थोडी. पण ती मागे रेलली की तिचा भार माझ्या हातांना झेपतो, याचं बरं वाटतं.