जुन्या मापाचा शर्ट

पुण्यात हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही. पण नुसती टेप लावून माणसाची हाडं वाचणारा या शहरात एकच, आणि तो माझा शिंपी निघावा हा माझ्यावर सरळसरळ अन्याय आहे.

त्याला सगळे मास्तर म्हणतात. रविवार पेठेत जिन्याखाली दुकान. तीस वर्षं मी त्याच्याशी शिलाईवरून भांडतोय आणि तो एकदाही धड भांडलेला नाही. तोंडात टाचण्या धरून ऐकून घेतो आणि आपलाच भाव सांगतो. गिऱ्हाईक आलं की कापडाआधी त्याची चाल बघतो. एका नवरदेवाचा कोट त्यानं अडवून ठेवला, तो ताठ उभा राहीना म्हणून. "वाकून उभे राहाल तर तसाच शिवीन. लग्नाच्या फोटोत जन्मभर वाकलेले दिसाल."

नवं माप घेतलं की हा कापड जास्त मागतो, या संशयानं मी नेहमी जुन्याच मापावर शिवायला बजावतो. गेल्या दिवाळीचा शर्ट पुढून लोंबायला लागला, मागून वर चढला. मी तो त्याच्या मशीनवर आपटला. त्यानं टेप लावली, जुन्या मापांची वही उघडली.

"कापड आटलं नाही, शेठ. माणूस आटलाय. पाय तेवढेच आहेत. कमरेपासून मानेपर्यंत दीड इंच गेलाय."

मग उलटतपासणी. खोकताना पाठीत कळ येते का? मागं नुसतं उंबऱ्याला अडखळून मनगट मोडलं होतं, ते कसं? "धडधाकट माणसाचं मोडत नाही तेवढ्यानं." मी म्हटलं, वारज्यात फरशीचं दुकान मी पाठीवर लाद्या वाहून उभं केलंय, पाठ दुखणारच. तो म्हणाला, डॉक्टरांचा कागद आणा, मग सुई लावीन.

त्याला खोटं पाडणारा कागद आणायचा म्हणून मी गेलो. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे उजेडावर धरला. हाडं ठिसूळ झालेली, दोन मणके दबलेले. गेलेली उंची परत येत नाही, औषधानं पुढची पडझड थांबेल. लाद्या उचलणं बंद.

मास्तरनं कागद वाचला, पण ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणाला नाही. शर्टाचं पुढचं लांब कापड न कापता आत दुमडून टाके घालायला लागला. शाळेच्या गणवेशाला ठेवतात तसं, पोरगं वाढेल म्हणून. सत्तरीच्या माणसाला हे कशाला, असं मी खेकसलो.

"बायकोच्या पोलक्यांची पुढची लांबी दरवर्षी थोडी थोडी कापत गेलो, शेठ. का कमी होतेय ते विचारलं नाही. आता ती अंथरुणातून उठत नाही."

त्यानं दोरा दातानं तोडला. मी शर्ट घातला आणि होईल तेवढा ताठ उभा राहिलो.