जनरेटरच्या मागचा आवाज

"पहिले तठून सोड, मंग आठे बांध," असं म्हणत आप्पा हवेतच दाव्याची गाठ सोडून दाखवायचे. म्हैस विकत घेणाऱ्याला हेच आणि नोकरी बदलणाऱ्या पुतण्यालाही हेच. मुळात मात्र ते वाक्य प्लगइनचं होतं.

तळोद्यात त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. हळदीला बायका गातात तिथे बाकीचे एडिटर सरळ सिनेमाचं गाणं चढवतात. तुमच्या घरच्या व्हिडिओतही तेच असेल. आप्पा बायकांचा आवाज ठेवायचे आणि मागची जनरेटरची घरघर काढायचे. "डीजे सगळाना सारखाच राहस. बाया जे गातस, तेच खरं लगीन." ही घरघर काढणारं प्लगइन, म्हणजे एडिटिंगला जोडायचा छोटा प्रोग्राम, त्यांनी रीतसर विकत घेतलं होतं. त्याचा परवाना एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. जुन्यावरून मोकळा केल्याशिवाय नव्यावर लागत नसे.

मी मोलगीकडच्या वनजमिनीच्या सभांचे व्हिडिओ त्यांच्याकडे नेत असे. चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेला मी त्यांना ऐकवायचो, की परवाना म्हणजे ज्ञानाला घातलेलं कुंपण, आणि कुंपण तोडायचंच असतं. ते माउस न सोडता म्हणाले, "तुन्हा पत्रकवरनं तुन्हं नाव खोडीसन कोणी सोतानं टाकं, ते चाली का रे भो?"

आमचा वाद मिटला नाही. मला अजूनही मीच बरोबर वाटतो. पण त्यांच्याइतका स्वच्छ विरोधक मला पुन्हा भेटला नाही.

मग त्यांना हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन सुरतला ठरलं. दुकान मुलीच्या हाती द्यायचं म्हणून नवा कॉम्प्युटर आणला. एकेक प्लगइन त्यांनी शांतपणे जुन्यावरून सोडवून नव्यावर बांधलं. घरघर काढणारं तेवढं राहिलं. तेच नसेल तर हे दुकान इतर दुकानांसारखंच, हे मुलीला ठाऊक होतं.

"बाबा, बिनपरवानानं क्रॅकवालं टाकी देऊ का?" तिनं विचारलं.

त्यांनी हवेतच दाव्याची गाठ सोडून दाखवली.

अडलं होतं ते एका गाण्यापाशी. बऱ्याच वर्षांपूर्वी रनाळ्याच्या एका लग्नात त्यांची बायको हळदीला गायली होती आणि शूटिंग आप्पांचंच होतं. त्यानंतर लवकरच ती वारली. ते गाणं जुन्या कॉम्प्युटरवर अर्धवट उघडं असायचं, आणि ते संपेपर्यंत प्लगइन तिथून सोडवता येत नव्हतं. रोज थोडी घरघर कमी करायची, डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची. "व्हयनं नही अजून. जनरेटर ऐकू येस." मला तर जनरेटर जराही ऐकू येत नसे. काम पूर्ण झालं म्हणायची त्यांची तयारी नव्हती, एवढंच.

"सुरतथून ईसन सोडसू," म्हणाले आणि गेले.

त्यांचा देह ॲम्ब्युलन्समधून परत आणला. आम्ही बरेच जण दुकानासमोर उभे होतो.

मुलीनं जुन्या कॉम्प्युटरवर चादर टाकली. पुढच्या दोन लग्नांना तिनं सिनेमाची गाणी लावली. मग एक म्हातारी येऊन विचारू लागली, "पोरी, आम्हनं गानं कुठे गयं वं?"

त्या दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. चादर काढली. आईचं साफ केलेलं गाणं वेगळं काढून ठेवलं आणि प्लगइन मोकळं केलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तेच गाणं जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा लावलं.

प्लगइनशिवाय आता जनरेटर पुरा होता. दुकानाची काच थरथरली. त्याच्या तळाशी तिच्या आईचा आवाज होता, आणि आईच्या अलीकडे, अगदी कॅमेऱ्याजवळ, एक तरुण पुरुषी आवाज:

"जोरमा म्हन वं, जोरमा."

घरघर पुसता पुसता आप्पांनी स्वतःलाही पुसून टाकलं होतं.

मी आवाज कमी करायला हात पुढे केला. तिनं तो धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "जनरेटरबी राहू द्या."