पगारे बाईंची पट्टी

पगारे बाई नाव विचारायच्या आधी हात मागायच्या. मी रुग्णालयात रुजू झालो त्या दिवशी टेबलापलीकडून त्यांनी माझा तळहात उताणा केला, बोटं एकेक करून वाकवली आणि म्हणाल्या, "करंगळी लहानपणी मोडली होती. कुणी बसवली?" मी म्हटलं, गावातल्या हाडवैद्यानं. "तरीच," असं म्हणून त्यांनी हात सोडला आणि मग विचारलं, "हां, आता नाव सांग."

नाशिकरोडकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, जळितांच्या विभागात, बाई हाताचे व्यायाम घ्यायच्या. भाजलेली कातडी भरून येताना आखडते आणि बोटं तळव्याकडे ओढून घेते. ती सरळ ठेवणं हे बाईंचं काम. यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, राहायला तिथल्याच वसाहतीत. अंगानं लहानखुऱ्या, आवाज खणखणीत आणि कोटाच्या खिशात कायम एक प्लॅस्टिकची पट्टी. दोन पाती, मध्ये अंशांची चकती. बोट किती वाकतं नि किती सरळ होतं ते त्या पट्टीवर दिसायचं. "पट्टीला कुणाची भीड नाय," बाई म्हणायच्या. "भीड असते ती लिहिणाऱ्याला."

लिहिणारा मी होतो. संशोधनाचे तक्ते भरायला मला नेमलं होतं आणि संशोधन होतं आमच्या विभागप्रमुखांचं, ते स्वतः सर्जन. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. या माणसाबद्दल मी गोड लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवतो. बाई गेल्या आणि साहेब ठणठणीत आहेत, हे मला अजून पचलेलं नाही.

साहेबांनी एक घट्ट हातमोजा शिवून घेतला होता. भाजलेल्या हातावर तो सहा महिने घातला की कातडी दबून राहते आणि बोटं आखडत नाहीत, असा त्यांचा दावा. मोजा घालणाऱ्या प्रत्येकाकडून संमतीचा कागद घेतला होता आणि त्यात साफ लिहिलं होतं, की सहाव्या महिन्यात बोटं सरळ नसतील तर ती सरळ करायचं ऑपरेशन रुग्णालय फुकट करून देईल.

त्यातलीच सोमी. पेठच्या बाजूची, पंचविशीची. उन्हाळ्यात उकळत्या पेजेचं भांडं उजव्या हातावर पडलं. तिच्या सहाव्या महिन्याची तारीख आली डिसेंबरात. आता आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, की भात कापून झाला की पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, ती होळीलाच घरी जातात. तारखा मात्र साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून काढल्या. सोमी आली नाही. तिच्यासारखे आणखी चौघे आले नाहीत.

मी साहेबांना विचारलं, यांच्यापुढे काय लिहू? ते मान वर न करता म्हणाले, "त्रास असता तर आले असते. जो येत नाही तो बरा झालाच असं समजायचं. समाधानकारक लिहा." मी लिहिलं. पाच वेळा, वळणदार अक्षरात.

बाईंनी तक्ता पाहिला आणि सोमीच्या ओळीवर बोट ठेवलं. "सोमी कधी आली रे?"

"नाही आली, बाई."

"मग हे समाधान कुणाचं?"

रविवारी सकाळी बाईंनी मला स्कूटर काढायला लावली. दिंडोरीकडच्या तीन बागा पालथ्या घातल्यावर चौथ्या बागेत सोमी सापडली. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं विरळ करायचं काम चालू होतं. बायका ओळीनं वेलींखाली उभ्या आणि सोमी खाली बसून पडलेले मणी डाव्या हातानं वेचत होती. उजव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला चिकटल्यागत आत गेलेली. मोजा फाटला तेव्हा तिनं तो धुऊन पिशवीत जपून ठेवला होता, डॉक्टरांना परत द्यायला.

"कात्री बोटात जात नाय, बाई," सोमी म्हणाली. "मुकादम बोलला, तू खालचं वेच. पुढल्या सालाला आणायचा नाय बोलतोय."

बाईंनी वेलीखालीच मांडी घातली, पट्टी लावली, आकडा वहीत टिपला. बाकीचे चौघेही पुढच्या दोन रविवारांत सापडले. एकाचा हात चांगला होता. तोही आकडा बाईंनी टिपला.

साहेबांनी वही पाहिली आणि परत सरकवली. "बागेत घेतलेलं माप चालत नाही, पगारे बाई. नियमाप्रमाणे आपल्या खोलीत, टेबलावर हात ठेवून घ्यावं लागतं." दुसऱ्या दिवशी बाईंना संशोधनातून काढल्याचं पत्र मिळालं. ऑपरेशनचा विषय संपला, कारण कागदोपत्री सोमी बरी होती. पुढे एका हॉटेलात डॉक्टरांच्या सभेत साहेबांनी मोज्याचं यश मांडलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"वाजवल्यास?" बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं. "वाजव. तुझी बोटं सरळ हायेत."

असं बोलणं मनात ठेवून मी दीड वर्ष काढलं. बाईंनी मात्र ती वही ठेवली. "विसरणं माझ्या स्वभावात नाय," त्या म्हणायच्या. "आपण घाई करायची नाय. माणूस कधी ना कधी हात पुढं करतोच."

आणि साहेबांनी केला. त्र्यंबक रस्त्यावर पहाटे सायकल फिरवताना ते पडले आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली. सोमीचीच दोन बोटं असं लिहिलं असतं तर वाचायला मजा आली असती, पण तर्जनी आणि मधलं, खरं तेच सांगतो. हाडं जुळली, बोटं ताठरली. ट्रस्टनं सांगितलं, हाताचं रीतसर माप आल्याशिवाय साहेबांनी कुणाचं ऑपरेशन करायचं नाही. आणि माप घेणारं माणूस रुग्णालयात एकच होतं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

बाईंनी त्यांना पेशंटच्या स्टुलावर बसवलं. शेजारी सोमीच्या पानावर वही उघडी. मला आकडे लिहायला उभं केलं. "साहेब, हात टेबलावर. नियमाप्रमाणे." पट्टी लावली, आकडा सांगितला. मी लिहिला.

साहेब हसून म्हणाले, "पाच-दहा अंशांनी काय बिघडतं हो? थोडं वरचं धरा."

"वरचं धरायला माझी काय हरकत नाय," बाई म्हणाल्या. "पण वरचं लिहिल्यावर तुम्हाला कात्रीही धरता आली पाहिजे." त्यांनी ड्रेसिंगची कात्री पुढे ठेवली. साहेबांनी बोटं घातली. कात्री मिटेना.

मग बाईंनी पुढची तारीख दिली. साहेब म्हणाले, "त्या आठवड्यात मी बाहेरगावी आहे."

"मग नका येऊ. जो येत नाही तो बरा झालाच, नाय का? समाधानकारक लिहून टाकू." आणि माझ्याकडे वळून, "तू लिही रे. तुझा हात बसलाय."

साहेबांचे कान लाल झाले. ते उघड्या वहीकडे बघत राहिले. माझेही कान तापले होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

ते त्या तारखेला आले. पुढच्या तारखेलाही आले. बाईंनी त्यांची बोटं चोळली, वाकवली, डोळ्यांत पाणी आणेपर्यंत ताणली, एकही दिवस टाळला नाही. आणि दर वेळी ती वही त्याच पानावर उघडी ठेवली. पाचव्या आठवड्यात साहेबांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, ट्रस्टला पत्र लिहिलं: चौघांचे निकाल चुकले आहेत, त्यांना बोलवा. सोमीचं ऑपरेशन दुसऱ्या सर्जननं केलं. साहेबांची तर्जनी पूर्ण वळली नाहीच. त्यांनी पुन्हा ऑपरेशन केलं नाही. आता ते शिकवतात. मला वाईट वाटत नाही.

बाईंना शेवटी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं धरलं. भेटायला गेलो तेव्हा उशाखालून त्यांनी वही आणि पट्टी काढली. "साहेबाचं उट्टं निघालं," त्या म्हणाल्या. "तुझं राहिलंय."

"माझं?"

"समाधानकारक कुणाच्या अक्षरात हाय? साहेबानं तोंडानं सांगितलं, लिहिलंस तू." त्यांनी पट्टी माझ्या हातात कोंबली. "दर डिसेंबरला बागेत जायचं. चुकवायचं नाय. हीच तुझी शिक्षा."

दोन महिन्यांनी बाई गेल्या. या डिसेंबरात मी एकटा दिंडोरीकडे गेलो. सोमी ओळीत उभी होती, कात्री बोटांत. मी वेलीखाली बसून पट्टी लावली. दोन्ही बोटं जवळजवळ सरळ, पण पूर्ण नाहीत. जेवढं होतं तेवढंच लिहिलं.

सोमीनं माझ्या मागं, रस्त्याकडं पाहिलं. "बाई नाय आल्या?"

"नाही आल्या."

"मंग बऱ्या असतील," ती म्हणाली आणि हसून कात्री उचलायला लागली.

मी तिला थांबवलं आणि खरं काय ते सांगितलं.